भिंतीला एक हात आमचाही!

मंडळी, एक सोपा प्रश्न. तुमच्या रूमच्या भिंतीचा रंग कोणता?

ऑप्शन्स नाहीत, निगेटिव्ह मार्किंगही नाही. तरी बहुतेक जण अडखळतील. कुणी क्रीम म्हणेल, कुणी पिवळट म्हणेल, कुणी म्हणेल, "खालून चार फूट चॉकलेटी ऑइलपेंट आणि त्याच्या वर... काहीतरी आहे राव!" हे 'काहीतरी' म्हणजेच आपल्या होस्टेलचा अधिकृत रंग.

ज्या खोलीत आपण चार वर्षं (आणि काही भाग्यवंत पाच-सहा वर्षंसुद्धा) झोपतो, सबमिशनच्या रात्री जागतो, रिझल्ट लागल्यावर भिंतीकडे तोंड करून पडतो, तिचा रंग आपल्याला सांगता येत नाही. घराचा मात्र लगेच सांगता येतो. कारण दिवाळीच्या आधी घरातलं सगळं सामान बाहेर काढून, टेबलावर स्टूल ठेवून, डोक्याला फडकं बांधून वडिलांनी भिंतीला हात मारलेला असतो आणि खाली बादली धरून आपण उभे असतो. आईने चुन्यात घातलेली नीळ आठवते. 'जास्त झाली, कमी झाली' हा दरवर्षीचा वादही आठवतो. जी भिंत आपण रंगवली ती आपली, इतका हा साधा हिशोब आहे.

होस्टेलच्या भिंतीशी आपला संबंध काय? एक नोटीस. 'भिंतीवर खिळा मारणे, पोस्टर चिकटवणे, लिहिणे अथवा रंग लावणे यास सक्त मनाई आहे. नुकसानभरपाई डिपॉझिटमधून वसूल केली जाईल.' संपला संबंध.

म्हणून माझं म्हणणं एका वाक्यात आधीच सांगून टाकतो. प्रत्येक रूममधली एक भिंत रंगवण्याचा हक्क तिथे राहणाऱ्यांना मिळावा, आणि त्या भिंतीची जबाबदारीही त्यांच्यावरच असावी. हे वाचून काही जण हसतील, रेक्टर सर चष्मा वर करतील. पण पूर्ण वाचा, मग ठरवा.

आधी डिपॉझिटचं बघू

आमच्या विंगमध्ये टोकाच्या तीन रूम्सना वरच्या बाथरूमची गळती आहे. पावसाळ्यात भिंत फुगते, दिवाळीपर्यंत पोपडे निघतात आणि संक्रांतीला गादीवर रोज सकाळी पांढरा भुगा सांडलेला असतो. वर्षाच्या शेवटी रूम सोडताना याच भिंतीकडे बोट दाखवून 'भिंतीचे नुकसान' या नावाखाली तिघांकडून सारखे पैसे कापले गेले. ती रक्कम काही फार मोठी नव्हती. पण ज्याचे वडील दर सेमिस्टरला फी कशी जमवतात हे त्याचं त्यालाच ठाऊक आहे, त्याच्यासाठी ती लहानही नव्हती. आणि पैशापेक्षा जास्त लागला तो आरोप. पाणी वरून आलं आणि नाव आमचं लागलं!

हे कुणा एकाचं दुष्टपण नाही, तो पद्धतीचा दोष आहे. रूम ताब्यात देताना भिंत कशी होती याची कुठे नोंद नसते, त्यामुळे सोडताना जे दिसेल ते तुम्ही केलेलं. मग पोरंही म्हणतात, 'नाहीतरी पैसे कापणारच, मग लिहा भिंतीवर!' आणि बाण घुसलेले बदाम, लाप्लास ट्रान्सफॉर्मचे फॉर्म्युले, 'केटी नंबर ३' अशी ऐतिहासिक शिलालेखांची मालिका सुरू होते. खरं बोलायचं तर जिथे बंदी सगळ्यात कडक, तिथेच सगळ्यात जास्त लिहिलेलं असतं. ज्या भिंतीवर आपला कुठलाच हक्क नाही तिची काळजी कोण घेणार?

रंगाने असा काय फरक पडतो?

'रंग म्हणजे नुसती हौस' असं म्हणणाऱ्यांसाठी एक छोटं गणित. फर्स्ट इयरला शिकलेली भूमितीय श्रेणी आठवा. ट्यूबचा प्रकाश भिंतीवर पडतो, त्यातला काही भाग परत फिरतो, समोरच्या भिंतीवर आपटतो, पुन्हा फिरतो. भिंती, छत, फरशी मिळून सरासरी निम्मा प्रकाश परत फेकत असतील तर एकूण बेरीज होते १ + ०.५ + ०.२५ + ... म्हणजे २. हेच प्रमाण ०.८ झालं तर बेरीज ५ वर जाते! प्रत्यक्षात खोलीत कॉट असतात, कपाट असतं, वाळत घातलेल्या जीन्स असतात, त्यामुळे ५ कधीच मिळत नाही. पण दिशा तीच. ताजी पांढरी भिंत पडलेल्या प्रकाशातला साधारण ८० टक्के परत देते, गडद चॉकलेटी किंवा गडद हिरवा त्याच्या पाव हिश्शाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. म्हणजे आपल्या रूममध्ये ट्यूब कमी पडते असं आपल्याला वाटतं, तेव्हा बऱ्याचदा ती ट्यूबची चूक नसते. भिंत प्रकाश खात असते. बिल मात्र कॉलेज भरतं.

चार फूट गडद ऑइलपेंट लावण्यामागे कारण आहे, हे मान्य. तेलकट डोकी, बुटांचे ठसे, मच्छर मारल्याच्या खुणा पुसता येतात. पण पुसता येणारे रंग आता फिकट शेडमध्येही मिळतात. गडदच हवा हा हट्ट कशाला?

मामाचा नियम: भिंत आधी, रंग नंतर

माझे मामा रंगारी आहेत. सुट्टीत दोन वर्षं मी त्यांच्या हाताखाली घासकाम केलंय. त्यांचं ठरलेलं वाक्य आहे, "रंग शेवटच्या दिवशी असतो, आधीचे सगळे दिवस भिंतीचे." पत्र्याने सैल पोपडे खरवडायचे, पॉलिश पेपर मारायचा, भेगा आणि खड्डे लांबीने भरायचे, वाळू द्यायचं, पुन्हा घासायचं, धूळ पुसायची, प्रायमरचा हात द्यायचा आणि मग रंगाचे दोन हात. यातली एक पायरी गाळली की वर्षभरात भिंत हिशोब मागते.

आणि ओल असेल तर? मग रंगाचा डबा उघडायचाच नाही. ओल्या भिंतीवर महागडा प्लॅस्टिक पेंट लावणं म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा. आतलं पाणी बाहेर यायला बघतं, रंगाचा पापुद्रा त्याला अडवतो, पाण्याबरोबर आलेले क्षार मागे साठतात आणि फुगा धरतो. म्हणून दरवर्षी त्याच भिंतीला तोच रंग देऊन काही उपयोग नाही. आधी वरच्या बाथरूमचा पाइप आणि फरशीचे सांधे बघा.

ओल आतून आहे की खोलीतल्या दमटपणाची, हे कळायला एक फुकटचा प्रयोग आहे. फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चारही कडांनी टेपने पक्का चिकटवा आणि एक दिवस तसाच ठेवा. पाण्याचे थेंब प्लॅस्टिकच्या आपल्या बाजूला दिसले तर खोलीतली हवा दमट आहे, खिडक्या उघडा आणि कपडे बाहेर वाळत घाला. थेंब भिंतीच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय, ऑफिसला कळवा. सिव्हिलच्या मित्रांनो, मिनी प्रोजेक्टला विषय शोधत फिरता ना? अख्ख्या होस्टेलचा ओलीचा नकाशा करून द्या. गाइडही खूश, रेक्टरही खूश!

चुन्याला नावं ठेवणाऱ्यांसाठीही दोन शब्द. 'चुना लावणे' याचा अर्थ आपण फसवणूक असा करून ठेवलाय, पण भिंतीला चुना लावणं हा प्रामाणिक व्यवहार आहे. कळीचा चुना भिजवायचा, गाळायचा, थोडा डिंक घालायचा आणि पातळ हात द्यायचे. भिंतीवर गेल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच, होतो. तो भिंतीला श्वास घेऊ देतो आणि त्याच्या अल्कधर्मी गुणामुळे बुरशीला तो मानवत नाही. दोष एकच, टेकून बसलं की पाठ पांढरी होते. छतासाठी मात्र आजही याच्याइतका स्वस्त उपाय मिळणं कठीण. (भिजवताना चुना उकळतो आणि डोळ्यांत उडाला तर इजा होते. तिथे हिरोगिरी नको.)

जुना ऑइलपेंट खरवडतानाही एक काळजी. घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या वर असू नये हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. होस्टेलच्या खालच्या थरांतला रंग त्याच्या कितीतरी आधीचा आहे. म्हणून कोरडा घासून धूळ उडवायची नाही, पाणी मारून घासायचा, तोंडाला मास्क लावायचा आणि नंतर फरशी ओल्या फडक्याने पुसायची.

नुसत्या रंगावर भागत नाही

मुंबईत मेट्रोने घाटकोपरकडे जाताना असल्फाची टेकडी दिसते. २०१७ च्या अखेरीस स्वयंसेवकांनी आणि तिथल्या रहिवाशांनी मिळून त्या वस्तीच्या बाहेरच्या भिंती निळ्या, गुलाबी, पिवळ्या केल्या. फोटो सगळीकडे फिरले. छान दिसतं, यात वाद नाही. पण चढावर राहणाऱ्या माणसाला पाणी वर आणावं लागत असेल तर रंगामुळे त्याचा हंडा हलका होत नाही, हेही तितकंच खरं. मला यातून दोन गोष्टी दिसतात. लोकांनी स्वतः हात लावला की जागेकडे बघायची नजर बदलते. आणि दुसरी, रंग हा दुरुस्तीला पर्याय नाही. आपल्या होस्टेललाही दोन्ही लागू. नॅकच्या समितीच्या आदल्या दिवशी फक्त दर्शनी भिंतीला ब्रश फिरवणं याला रंगकाम म्हणत नाहीत, मेकअप म्हणतात.

खर्च किती, कटकट किती?

दहा बाय बाराची रूम, उंची दहा फूट. भिंतींचं क्षेत्रफळ ४४० चौरस फूट, दार-खिडकीचे ४० वजा, राहिले ४००. बऱ्यापैकी गुळगुळीत भिंतीवर एक लिटर इमल्शन एका हाताला साधारण १२० चौरस फूट जातं. दोन हातांचे ८०० चौरस फूट म्हणजे सातेक लिटर. पण आपण मागतोय एकच भिंत! दहा बाय दहाची भिंत, दोन हात, दोन लिटरच्या आत काम. खडबडीत भिंत थोडं जास्त पिते, तेवढं धरा. रंगकामात मजुरीचा वाटा मोठा असतो आणि इथे मजूर आपणच. शनिवारी घासकाम आणि लांबी, रविवारी सकाळी प्रायमर, दुपारी पहिला हात, रात्री दुसरा. सोमवारी लेक्चरला (किंवा लेक्चरच्या नावाखाली कॅन्टीनला) हजर.

आता थोड्या टिप्स, ज्यांना पैसे जवळपास लागत नाहीत:

१) छत पांढरंच ठेवा. ते जितकं उजळ, तितकी खोली उंच वाटते.

२) भिंत निवडताना खिडकीसमोरची किंवा अभ्यासाच्या टेबलासमोरची निवडा. कॉटमागच्या भिंतीला रंग देऊन उपयोग काय? ती फक्त उशीला दिसते.

३) शेडकार्डवरचा चौकोन बघून शेड ठरवू नका. तोच रंग मोठ्या भिंतीवर जास्त भडक वाटतो. एक घर फिकट घ्या. आधी जाड कागदावर लावून तो सकाळच्या उजेडात आणि रात्री एलईडीखाली, दोन्ही वेळा बघा. पांढऱ्याशुभ्र एलईडीखाली सुंदर क्रीम रंग आजारी दिसू शकतो.

४) दोन रंग वापरायचे तर मधली रेघ मास्किंग टेपने आखा आणि रंग पूर्ण कडक व्हायच्या आत टेप सावकाश ओढा. रेघ अशी येते की ड्रॉइंगचे सर पूर्ण मार्क देतील.

५) सेलोटेपने पोस्टर चिकटवलं की निघताना रंगाची खपली घेऊनच निघतं. त्यापेक्षा खिडकीच्या गजापासून कपाटापर्यंत एक सुतळी बांधा आणि कपड्यांच्या चिमट्यांनी फोटो, टाइमटेबल, चित्रं लटकवा. एकही खिळा नाही.

६) आईची जुनी सुती साडी हा जगातला सर्वोत्तम पडदा आहे. उजेड आत येतो, ऊन आत येत नाही आणि रविवारी घरची आठवणही येते.

'आम्हाला चित्रकला येत नाही हो' म्हणणाऱ्यांनी वारली चित्रं बघावीत. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन आणि रेघा. गेरूने किंवा शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, आणि ब्रश म्हणून बांबूची चघळलेली काडी. लग्नघरात सवाशिणी देवचौक लिहायच्या, त्याच परंपरेतून जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं कागदावर आणून जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वारलीचे स्टिकर आणून चिकटवा असं मी म्हणत नाहीये. शिकायची ती गोष्ट वेगळी आहे. हाताशी असलेले दोन रंग, चार साधे आकार आणि स्वतःच्या भिंतीवर स्वतःचा हात, एवढं पुरतं. आपण तर इंजिनिअर. त्रिकोण-वर्तुळात आयुष्य चाललंय आपलं!

आक्षेप आणि उत्तरं

'पोरं वाट्टेल ते रंगवतील.' मान्य, काही जण काळ्या भिंतीवर कवटी काढायला टपलेलेच आहेत. म्हणून ऑफिसनेच आठ फिकट शेड ठरवाव्यात. नावं, घोषणा, पक्ष, देव, हिरो यांपैकी काही नको. चित्र काढायचं असेल तर आधी कागदावर काढून मंजुरी घ्यावी.

'पुढच्या वर्षीच्या मुलाला आवडलं नाही तर?' फिकट शेडवर दोन हातांत नवा रंग बसतो. त्याचा हक्क त्याने वापरावा.

'आमचे रंगारी काय करतील?' छत, दारं, बाहेरच्या भिंती, जिने आणि उरलेल्या तीन भिंती त्यांच्याच आहेत. उलट एखाद्या रविवारी आपल्या रंगाऱ्यांपैकीच कुणाला मानधन देऊन प्रात्यक्षिकाला बोलवा. आपल्यातल्या काहींचे वडील, काका हेच काम करतात आणि आपण ते चारचौघांत सांगायला लाजतो. वर्कशॉपच्या सरांइतकंच कौशल्य त्या हातात असतं, हे एकदा सगळ्यांना बघू दे.

शेवटचा आक्षेप आपल्याच लोकांचा. 'चार वर्षांसाठी कोण एवढं करतंय? स्वतःचं घर झालं की बघू.' मित्रा, हिशोब कर. इथून पुण्यात किंवा बंगळुरूमध्ये पीजी, मग मित्रांबरोबर भाड्याचा फ्लॅट, मग लग्न झाल्यावर पुन्हा भाड्याचा फ्लॅट. कर्ज काढून स्वतःची भिंत होईपर्यंत चाळिशी आली. तोपर्यंतचं सगळं राहणं 'तात्पुरतं' म्हणून 'काहीतरी' रंगात काढायचं? आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये एशियन पेंट्ससाठी हातात ब्रश आणि डबा घेतलेला गट्टू काढला होता, आठवतो? कंपनीने पुढे त्याला निवृत्त केलं. एका खट्याळ पोराच्या हातात रंगाचा डबा देऊन लाखो घरांनी विश्वास टाकला. आपण तर बॉण्डपेपरवर सही केलेले सज्ञान नागरिक आहोत!

मागणी

ऑफिसला नम्रपणे, पण स्पष्टपणे एवढंच सुचवतो. पहिलं, रूम ताब्यात देताना आणि परत घेताना भिंतींचे फोटो काढावेत आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या असाव्यात. फोन सगळ्यांच्या खिशात आहे, पाच मिनिटांचं काम आहे. दुसरं, गळतीने खराब झालेल्या भिंतीचे पैसे कुणाच्याही डिपॉझिटमधून कापू नयेत. तिसरं, रूमला एक भिंत, आठ शेड, वर्षातून एकदा. मुलींच्या होस्टेललाही हाच नियम, एकही अट जास्त नको. चौथं, ज्या रूमने आपली भिंत बिघडवली त्या रूमकडून दंड घेण्याऐवजी तीच भिंत तिच्याच हातून पुन्हा रंगवून घ्यावी.

आणि सगळं होस्टेल एकदम नको. एक विंग द्या, एक वर्ष बघा. वर्षाच्या शेवटी त्या विंगच्या भिंती आणि शेजारच्या विंगच्या भिंती शेजारी शेजारी ठेवून निकाल लावा. प्रयोग फसला तर पुढच्या अंकात तसं लिहायची जबाबदारी माझ्या ज्युनिअर्सची.

दरवर्षी अ‍ॅडमिशनच्या दिवसांत एखादी आई मुलाची ट्रंक खाली ठेवते आणि आधी भिंतींकडे बघते. मग काही न बोलता फडकं मागते आणि पुसायला लागते. तिला इथे चार वर्षं राहायचं नसतं, तरी ती पुसते. आपण तर राहणारे आहोत.

तेव्हा सर, गळती तेवढी तुम्ही थांबवा. भिंतीचं आम्ही बघतो.

– एक होस्टेलवासी, अंतिम वर्ष, स्थापत्य